तिकिटांच्या गल्ल्यातून इमारत फिटत नाही

पत्र: आमच्या गावाची वस्ती वीस हजारांच्या आसपास आहे. गावातलं एकमेव थिएटर बरीच वर्षं बंद पडलंय. सहाशे खुर्च्या, बाल्कनी, एक पडदा. मालक आता थकलेत, त्यांना ते विकायचंय; पण ‘गाळे काढणाऱ्याला देण्यापेक्षा थिएटर चालवणाऱ्याला देईन’ असं ते म्हणतात. मी नुकतीच निवृत्त झाले. माझा भाऊ, त्याचे दोन मित्र आणि मी, अशा चौघांनी मिळून ते घ्यावं असं मनात आहे. माझी बरीचशी पुंजी त्यात जाईल. जवळचं मल्टिप्लेक्स गाडीने तासाभरावर आहे. गावात ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘सुरू करा, आम्ही येतो.’ फक्त माझा मुलगा म्हणतो, ‘आई, सगळं फोनवर दिसतं, कोण येणार तिथे?’ एवढ्या गावाला थिएटर झेपेल का? आणि सुरू केलंच, तर उद्घाटनाला कोणता चित्रपट लावावा? भावाला अगदी नवा कोरा, मोठा चित्रपट हवाय. – पडद्याची जुनी चाहती

प्रिय ताई,

उत्तर आधीच सांगून टाकते, कारण पुढे बराच हिशेब आहे. वीस हजारांच्या गावाला थिएटर चालवणं झेपतं. तिकिटं विकून थिएटरची इमारत विकत घेणं झेपत नाही, आणि तुम्हा चौघांचा बेत नेमका तोच आहे. वीज, पगार, चित्रपटांचा वाटा, किरकोळ डागडुजी हा चालू खर्च तिकिटबारी आणि खाण्याचा काउंटर मिळून भागवू शकतात. पण खरेदीची रक्कम, तिच्यावरचं व्याज आणि नवा प्रोजेक्टर हे सगळं त्याच गल्ल्यातून काढायला गेलात, तर दोन-तीन वर्षांत पैशांबरोबर तुमची आणि भावाची बोलाचालीही संपेल. तेव्हा निवृत्तीची पुंजी यात घालू नका. सगळं बुडालं तरी महिन्याच्या खर्चाला धक्का लागणार नाही एवढीच रक्कम घाला, आणि तीसुद्धा लगेच नको.

आता हे कशावरून म्हणते ते सांगते. हिशेब पैशांत नको, तिकिटांतच मांडू. दर कुठलाही असो, तिकिटांचं गणित बदलत नाही.

माणूस वर्षातून किती वेळा थिएटरची पायरी चढतो? अमेरिका आणि कॅनडात मिळून २०१९ साली साधारण १२४ कोटी तिकिटं विकली गेली, म्हणजे माणशी साडेतीनच्या आत. फ्रान्समध्ये त्याच वर्षी २१ कोटींहून थोडी जास्त, म्हणजे माणशी तीनच्या वर. करोनानंतर हे आकडे पूर्वीच्या जागी आले नाहीत. फ्रान्समध्ये २०२३ साली १८ कोटींच्या आसपास तिकिटं गेली. आणि हे देश थिएटरला जाण्याची सवय पक्की असलेले. तुमच्या गावासाठी मी माणशी अडीच तिकिटं धरते. हात जरा सैलच सोडलाय. वर्षाला पन्नास हजार झाली. पण ती सगळी तुमच्या दारात येणार नाहीत. तरुण मंडळी तासभर गाडी हाकून मल्टिप्लेक्सलाच जातील, कारण त्यांना चित्रपटाइतकंच गावाबाहेर पडायचं असतं. निम्मी तुमच्याकडे आली असं समजू. पंचवीस हजार. म्हणजे आठवड्याला ४८०. रोज दोन खेळ लावलेत, तर आठवड्याचे चौदा खेळ आणि खेळाला चौतीस माणसं.

सहाशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये चौतीस माणसं. हे चित्र भावाला एकदा डोळ्यांसमोर आणायला सांगा.

अर्थात रोज चौतीस येत नाहीत. शनिवारी संध्याकाळी दीडशे येतात आणि मंगळवारी दुपारी सहा. त्या सहा जणांसाठी दिवे, गारवा, प्रोजेक्टर आणि दोन माणसांचा पगार तेवढाच लागतो. म्हणून छोट्या गावांतली कितीतरी थिएटरं आठवड्याचे तीन-चार दिवसच उघडतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. तुम्ही गुरुवार ते रविवार सात-आठ खेळ लावलेत तर खेळाला साठ माणसं पडतात. हॉल भरल्यासारखा वाटतो, विनोदाला हसू फुटतं, खर्च खाली येतो. रोज उघडं ठेवण्याचा हट्ट मालकाच्या अभिमानासाठी असतो, प्रेक्षकांसाठी नसतो.

या ४८० तिकिटांतली साधारण निम्मी तुमची नाहीतच. प्रत्येक तिकिटातला वाटा वितरकाकडे जातो. तो देशागणिक, चित्रपटागणिक आणि आठवड्यागणिक बदलतो. नव्या मोठ्या चित्रपटाच्या पहिल्या आठवड्यात तो निम्म्याच्या बराच वर असतो, मग हळूहळू उतरतो. जुना चित्रपट ठरावीक भाड्यावरही मिळतो. वितरकाचा हात पोचत नाही अशी एकच जागा आहे, ती म्हणजे खाण्याचा काउंटर. अमेरिकेतल्या मोठ्या साखळ्यांचे जाहीर ताळेबंद पाहा: एकूण उत्पन्नाचा जवळपास तिसरा हिस्सा खाण्यापिण्यातून येतो, आणि त्या मालाची किंमत विक्रीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. तिकिटात निम्मं हातचं जातं, काउंटरवर चार-पंचमांश उरतं. म्हणून जाणते थिएटरवाले तिकीट जास्त महाग करत नाहीत. माणूस आत येणं महत्त्वाचं, बाकीचं मध्यंतर बघून घेतं. तुमच्या चौघांपैकी कुणाला ‘आम्ही चित्रपट दाखवणार, खाऊ विकणार नाही’ असं तत्त्व असेल, तर आत्ताच सांगते, त्या तत्त्वाचा खर्च बराच आहे.

एवढ्यावर चालू खर्च निघतो. अगदी चेपून चालवलं तर वर्षाअखेर थोडं शिल्लकही पडतं. पण ती शिल्लक गळक्या छपरासाठी असते, बँकेच्या हप्त्यासाठी नसते. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

आता जे गावात कुणी तुम्हाला सांगणार नाही ते सांगते, आणि यावर जरा रेंगाळते, कारण एक पडद्याची थिएटरं इथेच मार खातात. पूर्वी लहान गावात चित्रपट उशिरा यायचा, कारण रिळांच्या प्रती मोजक्या आणि महाग होत्या. शहरात झिजून झाल्या की मग तुमच्याकडे. डिजिटल आल्यावर ती अडचण गेली. आता तुम्हाला चित्रपट पहिल्याच दिवशी मिळू शकतो. पण अटींसकट. मोठ्या चित्रपटाचा वितरक म्हणतो, दोन आठवडे, तीन आठवडे, कधी चार, सगळे खेळ आमचेच. शहरातल्या बारा पडद्यांच्या मल्टिप्लेक्सला त्याचं काही वाटत नाही, तो एक पडदा देऊन मोकळा होतो. तुमच्याकडे पडदाच एक. गावातल्या ज्या हजारभर लोकांना तो चित्रपट पाहायचाय, ते पहिल्या दहा दिवसांत पाहून होतात. उरलेले दिवस तुम्ही रिकाम्या खुर्च्यांना चित्रपट दाखवता, आणि त्याच दिवसांत आलेला दुसरा, मुलांचा किंवा घरगुती चित्रपट लावू शकत नाही.

हे कल्पनेतलं नाही. २०१७ मध्ये डिस्नेने ‘स्टार वॉर्स’च्या ‘द लास्ट जेडाय’साठी अमेरिकेतल्या थिएटरांना तिकिटांतला ६५ टक्के वाटा आणि सगळ्यात मोठ्या पडद्यावर चार आठवडे, अशा अटी घातल्याचं तिथल्या वृत्तपत्रांत छापून आलं. आयोवा राज्यात एल्केडर नावाचं सुमारे बाराशे वस्तीचं गाव आहे, तिथल्या एक पडद्याच्या थिएटरने तो चित्रपट घेतलाच नाही. कारण साधं होतं: एवढ्याशा गावातले बघणारे दोनेक आठवड्यांत संपतात. या उदाहरणातून मला दोन गोष्टी दिसतात. बाराशे वस्तीच्या गावातही थिएटर चालू शकतं, ही एक. आणि ते चालवणाऱ्याला वर्षातल्या सगळ्यात मोठ्या चित्रपटाला ‘नको’ म्हणण्याची हिंमत लागते, ही दुसरी. तुमच्या चौघांत ती कुणाकडे आहे? भावाकडे नसावी असं पत्रावरून वाटतं. राग मानू नका.

यातून वाट एकच चांगली आहे: एका मोठ्या पडद्याऐवजी दोन लहान. बाल्कनी भिंत घालून वेगळी करायची, तिथे सत्तर-ऐंशी खुर्च्या. खाली मागच्या बाजूच्या दीडशे-दोनशे ठेवायच्या, बाकी काढून टाकायच्या. जुनी मोठी थिएटरं जगभर अशीच वाचली आहेत. मोठा चित्रपट पहिला आठवडा खाली लावा, मग वितरक मान्य करत असेल तर वर सरकवा, आणि खाली नवा आणा. गारव्याचा खर्च बराचसा हॉलच्या आकारमानावर असतो, त्यामुळे तोही उतरतो. दुसरा प्रोजेक्टर लागेल हे खरं. पण तुम्ही दोन पडदे करणार असाल तरच मी या बेताकडे धंदा म्हणून पाहीन. एक पडदा ठेवणार असाल तर संस्था म्हणून पाहीन. दोन्ही चालतं. आपण काय करतोय ते सुरुवातीला माहीत असलं म्हणजे झालं.

प्रोजेक्टरचं बोलायलाच हवं, कारण ‘जुना स्वस्तात मिळतोय’ असं सांगणारा कुणीतरी एव्हाना तुम्हाला भेटला असेल. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २००२ मध्ये एकत्र येऊन डिजिटल सिनेमाची मानकं ठरवायला घेतली, २००५ मध्ये ती जाहीर झाली, आणि पुढच्या दहा वर्षांत जगभरातली थिएटरं रिळांवरून डिजिटलवर गेली. त्या वेळी बऱ्याच देशांत वितरकांनीच प्रोजेक्टरच्या खर्चाला हातभार लावला. प्रती काढण्याचा त्यांचा खर्च वाचणार होता, म्हणून ते दर चित्रपटामागे ‘व्हर्च्युअल प्रिंट फी’ देत. ते करार आता बहुतेक ठिकाणी संपलेत. म्हणजे त्या लाटेत घेतलेले प्रोजेक्टर म्हातारे झाले आहेत आणि नव्यासाठी तो हातभार नाही. बाजारात स्वस्त मिळतात ते हेच म्हातारे. पहिल्या पिढीतल्यांचे सुटे भाग मिळायची मारामार असते. त्यांच्यात झेनॉनचा दिवा असतो, तो हजार-दोन हजार तासांत बदलावा लागतो. आठवड्याला चौदा खेळ म्हणजे वर्षाला अठराशे तास, तेव्हा दरवर्षी निदान एक दिवा गेलाच. लेझरचा प्रकाशस्रोत वीस हजार तासांच्या पुढे चालतो, म्हणजे दहा-अकरा वर्षं. घेताना महाग वाटला तरी लेझरच घ्या, किंवा भाड्याने घ्या. आणि घरगुती प्रोजेक्टरवर भागेल असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून निरोप द्या. हॉलिवूडच्या मोठ्या वितरकांची फाइल कुलूपबंद येते, तिची किल्ली तुमच्याच यंत्रासाठी बनवलेली असते आणि ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या तासाला ती चालेनाशी होते. मानकांत न बसणाऱ्या यंत्राला ती किल्ली मिळतच नाही.

यात एक गोष्ट मात्र तुमच्या फायद्याची झाली. पूर्वी प्रोजेक्टरच्या खोलीत रिळं बदलायला जाणता माणूस बसावा लागे. आता आठवड्याचं वेळापत्रक एकदा भरून ठेवलं की यंत्र आपोआप दिवे मंद करतं, जाहिराती लावतं, चित्रपट सुरू करतं. दोन माणसांत संध्याकाळ निभावते. लहान थिएटरं आज टिकून आहेत ती बरीचशी यामुळे.

आता चिरंजीवांकडे वळू. तो निम्मा बरोबर आहे. १९४६ साली ब्रिटनमध्ये १६३ कोटी तिकिटं विकली गेली होती. १९८४ मध्ये ती ५.४ कोटींवर आली. टीव्ही आला, मग व्हिडिओ आला, आणि लोक घरीच बसले. इथवर तुमचा मुलगा सांगतो तीच गोष्ट आहे. पण २०१८ मध्ये तिथे १७.७ कोटी तिकिटं गेली, तीन पटींहून जास्त, आणि तोवर घरोघरी व्हिडिओच काय, इंटरनेटवर चित्रपट येऊन बरीच वर्षं झाली होती. मधल्या काळात, १९८५ मध्ये, मिल्टन कीन्स या इंग्लंडमधल्या शहरात ब्रिटनचं पहिलं मल्टिप्लेक्स उघडलं आणि पुढे नव्या, स्वच्छ, नीट आवाजाच्या हॉलची रांग लागली. माझं मत असं, की लोकांनी पाठ फिरवली होती ती पडद्याकडे तितकी नाही, जितकी कळकट खुर्च्या आणि तुंबलेल्या स्वच्छतागृहांकडे. फोनशी स्पर्धा चित्रपटाने करायची नसते. ती बसायच्या जागेने, आवाजाने आणि सोबतीने करायची असते. तेव्हा खर्च करायचा तर आधी स्वच्छतागृहांवर करा. मी चेष्टा करत नाहीये.

मुलगा जिथे पूर्ण बरोबर आहे ती जागा वेगळी आहे. पूर्वी चित्रपट थिएटरात लागल्यावर घरी यायला साधारण तीन महिने लागत. २०२० मध्ये हॉलिवूडचा युनिव्हर्सल स्टुडिओ आणि अमेरिकेतली सगळ्यात मोठी थिएटर साखळी यांच्यात करार झाला, त्यात १७ दिवसांनंतर चित्रपट घरी पैसे भरून दाखवायची मुभा होती. नंतर हे अंतर कंपनीगणिक मागेपुढे झालं, पण तीन महिन्यांचा जमाना काही परत आला नाही. त्यामुळे ‘शहरात चालून झाला की महिन्याभराने आम्ही स्वस्तात लावू’ हा जुन्या लहान थिएटरांचा हुकमी मार्ग जवळपास बंद झालाय. तोवर चित्रपट लोकांच्या घरात असतो. नवा असताना लावायचा, नाहीतर इतका जुना लावायचा की लोक तो पडद्यावर पुन्हा पाहायला मुद्दाम येतील. मधलं काही चालत नाही.

मग ज्या लहान गावांत थिएटर आहे, तिथे इमारतीचे पैसे कुणी भरले? हे शोधायला गेलं की जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तिकिटांखेरीज दुसरं कुणीतरी सापडतं. अमेरिकेत मिशिगनमधलं ट्रॅव्हर्स सिटी हे पंधराएक हजार वस्तीचं गाव. तिथलं बंद पडलेलं स्टेट थिएटर २००७ मध्ये माहितीपटकार मायकेल मूर यांच्या पुढाकाराने पुन्हा उघडलं. नफा न कमावणारी संस्था, आणि दारावर, काउंटरवर गावातलेच स्वयंसेवक. मूर यांच्यासारखं नाव प्रत्येक गावाला मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर असतो. तो सिनेमाच्या राष्ट्रीय केंद्राकडे जातो आणि त्यातला भाग थिएटरांनाच नूतनीकरणासाठी परत मिळतो. शिवाय तिथे बऱ्याच लहान गावांत थिएटर नगरपालिकेचं असतं, वाचनालय असतं तसं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर तर इमारतच नाही. ‘स्क्रीन मशीन’ नावाचा ट्रक गावोगाव जातो, उभा राहिला की उलगडून ऐंशीएक खुर्च्यांचं थिएटर होतो, आणि त्यालाही सार्वजनिक मदत आहे. इंग्लंडमध्ये वुडहॉल स्पा नावाच्या छोट्या गावात १९२२ पासून एक थिएटर चालू आहे. ते मुळात थिएटर म्हणून बांधलेलंच नव्हतं. छताच्या तुळया खाली आलेल्या, म्हणून प्रकाशझोत समोरून टाकता येईना, तेव्हा त्यांनी पडद्याच्या मागून टाकायला सुरुवात केली. हे शेवटचं उदाहरण मी निव्वळ आवडतं म्हणून दिलं. तरी त्यातून एक घ्याच: चित्रपट दाखवायला सहाशे खुर्च्यांचा जुना हॉलच लागतो असं नाही.

तर तुम्ही काय करावं?

मालकांकडून विकत घेऊ नका, भाड्याने मागा. तीन वर्षांचा करार, भाडं ठरावीक न ठेवता गल्ल्यातला वाटा, आणि तीन वर्षांनी आजच ठरलेल्या किमतीला घेण्याचा पहिला हक्क तुमचा. गाळे काढणाऱ्याला द्यायचं नाही असं ते स्वतःच म्हणताहेत, म्हणजे त्यांनाही थिएटर जगलेलं पाहायचंय. मग जोखमीतला थोडा भाग त्यांनी उचलावा असं मोकळेपणाने सांगायला हरकत नाही. ते ‘नाही’ म्हणाले, तर त्यांना रोख हवीय हे कळलं, आणि मग तो व्यवहार चौघांचा नाही; नगरपालिकेचा, एखाद्या न्यासाचा, किंवा गावातल्या शे-दोनशे लोकांनी थोडे थोडे पैसे घालून केलेल्या सहकारी संस्थेचा आहे. त्या पैशांवर लाभांश मिळणार नाही हे लोकांना आधीच स्पष्ट सांगा. लाभांशाच्या आशेने आलेला भागधारक तिसऱ्या वर्षी वैरी होतो.

सही करण्याआधी बांधकामाच्या जाणकाराला घेऊन हॉल पाहा. छप्पर, वायरिंग, आगीतून बाहेर पडायचे दरवाजे, चाकाच्या खुर्चीला वाट, या क्रमाने. जुन्या हॉलच्या छताला किंवा भिंतींना ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते काढायचा खर्च कधीकधी प्रोजेक्टरपेक्षा मोठा निघतो. आधी कळलं तर किंमत पाडायला उपयोगी पडतं.

आणि त्याच्याही आधी, इमारत राहू द्या बाजूला, वर्षभर चित्रपट दाखवून पाहा. शाळेचा हॉल, नाट्यगृह, मिळेल ती जागा. महिन्यातून दोन शनिवार. सार्वजनिक खेळाचा परवाना चित्रपटाच्या हक्कदाराकडून रीतसर घ्या. घरी पाहायला घेतलेली डिस्क किंवा ॲपची वर्गणी गावासमोर लावायला चालत नाही, त्यात तुमचंच नाव खराब होईल. या खेळांना तिकीट लावा, फुकट दाखवू नका. ‘सुरू करा, आम्ही येतो’ म्हणायला कुणाला काही पडत नाही. दहावा खेळ पाऊस पडत असताना किती जण बघायला आले, त्यावर विश्वास ठेवा. प्रत्येक खेळाला मोजून लिहा: किती आले, त्यांत आधी आलेले किती, मुलांबरोबर किती, शेजारच्या खेड्यांतून किती. शेजारची खेडी महत्त्वाची. तुमच्या हिशेबातली वीस हजारांची वस्ती कदाचित तीस हजारांची निघेल. सहा महिन्यांनी वर्षभराचं सभासदत्व विकायला काढा, पैसे आगाऊ घेऊन. पाचशे घरांनी पैसे दिले तर मला पुन्हा लिहा, माझा सूर बदलेल. साठ घरांनी दिले, तर तुमच्याकडे उत्तम फिल्म क्लब आहे. तो चालवा, थिएटरचा नाद सोडा.

चौघांत कामं आत्ताच वाटा. बुकिंग एकाच माणसाने करायचं. बऱ्याच देशांत शनिवार-रविवारचा गल्ला पाहून सोमवारी वितरकांशी बोलणी होतात, आणि तिथे चार आवाज चालत नाहीत. लहान थिएटरांसाठी एकत्र बुकिंग करणारे मध्यस्थ असतात. थोडा मोबदला घेतात, पण एकट्या थिएटरच्या फोनला जे मिळत नाही ते त्यांच्या फोनला मिळतं. स्वयंसेवक पहिल्या वर्षी भरपूर येतील, दुसऱ्या वर्षी निम्मे, म्हणून एक तरी पगारी माणूस ठेवा. आणि चित्रपट नसलेल्या दिवशी हॉल रिकामा ठेवू नका: सकाळी शाळांचे खेळ, एखाद्या संध्याकाळी गाणं, व्याख्यान, मोठ्या पडद्यावर सामना किंवा दूरच्या ऑपेरागृहातलं थेट प्रक्षेपण. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा २००६ पासून थिएटरांत असे प्रयोग पाठवतंय. सामन्यालाही हक्काचे पैसे लागतात, तेवढं विचारून घ्या.

राहिला उद्घाटनाचा चित्रपट. भावाला सांगा, नवा मोठा चित्रपट त्या दिवशी वाया जाईल. पहिल्या आठवड्यात लोक इमारत बघायला येतात. पडद्यावर काहीही असलं तरी हॉल भरतो. अशा वेळी तिकिटातला सगळ्यात मोठा वाटा वितरकाला कशाला द्यायचा? गावातल्या तीन पिढ्यांना माहीत असलेला, ठरावीक भाड्यावर मिळणारा एखादा जुना चित्रपट लावा. चार दिवस, दोन-दोन खेळ. त्यात आवाज कुठे घुमतो, कुठली खुर्ची करकरते, काउंटरवर रांग किती लांब जाते ते कळेल. नवा मोठा चित्रपट तिसऱ्या आठवड्यात आणा, इमारतीचं कौतुक ओसरायला लागतं तेव्हा. आणि आणताना आधी विचारा, किती आठवडे बांधून घेणार. दोनच्या वर गेले तर फोन ठेवून द्या.